खेळांतलीं नातीं

गेल्या दिवाळींत परळीच्या आमच्या घरीं सारीं मंडळी जमलीं, तेव्हां एक जुनाच वाद नव्यानें निघाला. पुतण्या दूरचित्रवाणीला यंत्र जोडून व्हिडिओ गेम खेळत बसला होता. आत्याबाई म्हणाल्या, "अरे, यांत गोष्ट ती कसली? नुसती मारामारी!" खेळांत वेळ फार जातो, हा त्यांचा आक्षेप मला मान्य होता, किंबहुना आजहि आहे. परंतु खेळांत गोष्ट असूं शकत नाहीं, हें म्हणणें मात्र त्या रात्रीं मला सोडावें लागलें.

खेळ आणि नातें यांची सांगड आपल्याकडे नवी नाहीं. वेरुळाच्या चौदाव्या लेण्यांत शिवपार्वती फांसे खेळत बसलीं आहेत. खालीं नंदी आणि गण. वैजनाथाच्या गांवीं राहणाऱ्या आम्हांस त्या संसाराचें कौतुक विशेष. पण तेथें जिव्हाळा दिसतो तो खेळणारांच्या बसण्यांत. पटावरील सोंगट्यांना एकमेकींशीं कांहींच देणेंघेणें नसतें. नव्या खेळांतील कल्पकता ही कीं, नातें खुद्द खेळाच्या नियमांतच गोंवतां येतें.

जपानांत फुमितो उएदा यांनीं २००१ सालीं केलेला 'इको' घ्या. एका मुलानें एका मुलीस ओसाड गढींतून बाहेर काढावयाचें. दोघांची भाषा निराळी. खेळणारानें कळ दाबून धरली म्हणजे मुलगा तिचा हात धरतो. कळ सोडली कीं हात सुटतो. तिला एकटी टाकून दूर गेलें तर सावल्या तिला ओढून नेऊं लागतात. काळजी हा शब्द कोठेंच येत नाहीं. ती खेळणाराच्या बोटांत उतरते.

आपल्या पुण्यासहि असा प्रयत्न झाला. नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें २०२० सालीं 'राजी' हा खेळ प्रसिद्ध केला. राखीपौर्णिमेच्या उत्सवांत असुर गोलूला पळवितात आणि सर्कशींत कसरती करणारी त्याची बहीण राजी शोधास निघते. खांबाभोंवतीं गरकन् फिरून, भिंतीवरून धांवत ती लढते. म्हणजे पोटासाठीं शिकलेली कसरत भावासाठीं वापरते. दुर्गा आणि विष्णु तिच्याविषयीं आपसांत बोलत असतात, घरांतील वडील माणसें अंगणांतल्या पोरांविषयीं बोलतात तशीं. तरी माझें प्रांजळ मत असें कीं, भाऊ येथें बराच वेळ दृष्टीआड राहतो. बहिणीचा पराक्रम मनांत भरतो, तितकें भावंडांचें नातें भरत नाहीं.

पुतण्या त्या रात्रीं खेळत होता तो 'ब्रदर्स', स्वीडनमधील जोसेफ फारेस यांचा २०१३ सालचा खेळ. दोन भाऊ आजारी बापासाठीं औषध आणावयास निघतात. डाव्या हाताकडील कळा थोरल्याच्या, उजव्या हाताकडील धाकट्याच्या. धाकट्यानें आईला बुडतांना पाहिलेलें; त्याला पोहवत नाहीं, म्हणून पाण्यांत तो थोरल्याच्या पाठीवर बसतो. पुढें थोरला मरण पावतो. परततांना धाकटा एकटाच पाण्याशीं येऊन थबकतो. पुतण्यानें उजवी कळ पुनःपुन्हां दाबली, मुलगा हालेना. मग त्याचें बोट डावीकडे, थोरल्याच्या कळेवर गेलें, आणि धाकटा पाण्यांत उतरला.

कोणी बोललें नाहीं. आमचे दादा जाऊन तीन वर्षें झालीं. घराचा हिशेब, देवांची पूजा, महाशिवरात्रीस येणाऱ्या पाहुण्यांची सरबराई सारें तेच पाहत. आतां मीं पाहावयाचें. पुतण्या त्यांचाच मुलगा. यंत्र बाजूस ठेवून त्यानें विचारलें, "काका, बाबांना पोहतां येत होतें?"

येत होतें. मळ्यांतल्या विहिरींत मला त्यांनींच पोहावयास शिकविलें, पाठीवर घेऊन. तें मीं त्याला सांगितलें. आत्याबाईंनीं डोळे पुसले आणि तो खेळ पुन्हां पहिल्यापासून लावावयास सांगितलें.