लॅपटॉपची तबकडी बदलावी कीं नाहीं?

"लॅपटॉप फार सावकाश चालतो, नवा घेऊं या," ही तक्रार हल्लीं घरोघरीं ऐकूं येते. आमच्या घरींही ती झाली. कळ दाबून मुलें चहा पिऊन येत, तरी पडद्यावर चक्र फिरतच असे. नव्याचा खर्च झेपणारा नव्हता. म्हणून दुखणें नेमकें कोठें आहे तें पाहण्याचें आम्हीं ठरविलें. त्या शोधांत जें समजलें तें विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

जुन्या लॅपटॉपमध्यें माहिती सांठविणारी हार्ड डिस्क ही खरोखरच तबकडी असते. ग्रामोफोनच्या तबकडीप्रमाणें ती फिरते व एक भुजा तिच्यावरून सरकत माहिती टिपते. मात्र भुजेचें टोंक तबकडीस टेकत नाहीं, केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर तरंगतें. असें पहिलें यंत्र आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं आणलें. त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या असून सुमारें ५० लाख अक्षरें मावत. आज मोबाइलवर काढलेलीं एकदोन छायाचित्रें तेवढी जागा व्यापतात!

लॅपटॉपची तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. तरीही हवी ती जागा भुजेखालीं येण्यास सरासरीनें अर्धा फेरा, म्हणजे सेकंदाचा १८० वा भाग लागतो, आणि भुजा सरकण्यास त्याहून अधिक. यंत्र सुरू होतांना असे हजारों तुकडे ठिकठिकाणांहून गोळा करावे लागतात. एस. एस. डी. मध्यें फिरणारें कांहींच नाहीं; सूक्ष्म कोशिकांत विद्युत्भार कोंडून माहिती ठेविलेली असते. तेथें तोच तुकडा सेकंदाच्या सुमारें दहा हजाराव्या भागांत हातीं येतो.

पण म्हणून सर्वांनींच दुकान गांठावें असें नव्हे. विंडोजमध्यें टास्क मॅनेजर उघडून पाहावें. डिस्कचा आंकडा सतत शंभर टक्क्यांजवळ व प्रोसेसरचा अल्प असेल, तर दोष बहुधा तबकडीचा. मात्र रॅम भरलेली असेल तर अगोदर तिचा विचार करावा. कारण ती अपुरी पडली म्हणजे यंत्र तबकडीवरच ओझें टाकतें. प्रोसेसरच थकलेला असेल, तर एस. एस. डी. नें चलच्चित्रें जोडण्याचें काम फारसें लवकर होणार नाहीं. शिवाय विंडोज १० ची नेहमींची विनामूल्य सुरक्षासेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. ज्या यंत्रावर विंडोज ११ चालत नाहीं, त्यावर पैसे घालतांना हें ध्यानांत घ्यावें. लिनक्स वापरण्याची तयारी असल्यास गोष्ट निराळी.

आमच्या यंत्रांत दोष तबकडीचाच निघाला. अडीच इंची एस. एस. डी. चार स्क्रूंनीं बसली. पण खरा घोर होता जुन्या माहितीचा. तबकडी टक्‌टक् वाजूं लागली होती, आणि आजोबांचीं छायाचित्रें केवळ तिच्यावरच होतीं. रात्रभर बसून तीं उतरविलीं. एक संच मात्र निघाला नाहीं, शेवटच्या दिवाळीचा. यंत्र आतां अर्ध्या मिनिटांत सुरू होतें, आणि घरांतील प्रत्येक छायाचित्राची दुसरी प्रत कपाटांतील निराळ्या डिस्कवर ठेविलेली असते.