फटकेबाजी फायनलला आपटते?

बंगळूरमधल्या चिकपेटच्या कापडदुकानांत गिऱ्हाईक साडीचा पोत चाचपतंय तोवर गल्ल्यावर क्रिकेटचा निकाल लागलेला असतो. या भागात भावसार-शिंप्यांची मराठी घरं जुनी, त्यामुळे तो निकाल मराठीतही ऐकू येतो: ‘मारामारी साखळीत ठीक, फायनलला आपटतेच.’ पुरावा म्हणून आयपीएलची 2016 ची फायनल पुढे केली जाते.

तोच पुरावा तपासू. 29 मे 2016, बंगळूरचं चिन्नास्वामी मैदान. हैदराबादच्या 208 धावांचा पाठलाग करताना गेल आणि कोहलीने 10.3 षटकांत 114 धावांची सलामी दिली. गेलच्या 38 चेंडूंत 76. तरी बंगळूर 8 धावांनी हरलं. यात घाई नडली म्हणायला जागाच नाही. त्याआधी वॉटसनच्या 4 षटकांत 61 धावा गेल्या होत्या, त्या नडल्या. आणि गेल, डिव्हिलियर्स, कोहली बाद झाल्यावर तोच वेग पुढे नेणारं कोणी उरलं नाही. सगळा दारूगोळा तिघांकडेच!

‘एकाने तरी नांगर टाकून उभं राहायला हवं’ हा दुसरा गैरसमज, आणि तो जास्त चिवट. ट्वेंटी-ट्वेंटीत चेंडू 120 आणि गडी 10. म्हणजे दर बारा चेंडूंना एक गडी गेला तरी डाव पुरतो. न वापरलेले गडी तंबूत बसून राहिले तर त्यांचं लोणचं घालायचं का? 3 जून 2025 ला अहमदाबादच्या अंतिम सामन्यात बंगळूरने 9 बाद 190 केल्या आणि अर्धशतक एकाचंही नव्हतं. सर्वाधिक कोहलीच्या, 35 चेंडूंत 43. पण डाव उचलला तो इतरांच्या छोट्या खेळ्यांनी: पाटीदार 16 चेंडूंत 26, लिव्हिंगस्टन 15 चेंडूंत 25, आणि आपल्या अमरावतीचा जितेश शर्मा 10 चेंडूंत 24. 24 धावांना जुन्या हिशेबात कोणी विचारत नसे. इथे बंगळूर जिंकलं तेच 6 धावांनी.

‘चिन्नास्वामी म्हणजे अंगण, तिथे कोणीही मारेल,’ असंही म्हणतात. सीमारेषा जवळ आहेत, शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे, हे खरं. पण 2025 मध्ये याच संघाने या अंगणात पहिले तीन सामने गमावले आणि प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानांवरचे साखळी सामने सातच्या सात जिंकले.

हैदराबादचं 2024 चं उदाहरण मात्र अवघड आहे. 15 एप्रिलला त्यांनी इथेच 3 बाद 287 कुटल्या आणि 26 मेच्या अंतिम सामन्यात सगळे 113 त गारद झाले. आपटली की नाही? आपटली. पण त्यांना हरवणाऱ्या कोलकात्याने सबुरी दाखवली नव्हती. 114 धावा त्यांनी 10.3 षटकांत काढल्या. वेगवान संघाला वेगवान संघानेच हरवलं, फरक कोलकात्याकडून स्टार्कने टाकलेल्या पहिल्या षटकापासूनच दिसत होता.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये हाच वाद अनेक वर्षं चालला. खेळाडू मैदानभर पसरवायचे, मधे घोळका करून मसलत न करता लागोपाठ चाली करायच्या, असं खेळणाऱ्यांना ‘मोठ्या सामन्यात टिकणार नाहीत’ म्हणत. जानेवारी 2011 मध्ये असाच खेळणारा ओरेगन अंतिम सामना 22-19 असा हरला तेव्हा तसं म्हणणाऱ्यांना जोर चढला. जिंकलेला ऑबर्नही त्याच पठडीतला, हे सोयीस्करपणे विसरलं गेलं. पुढे 2019 च्या हंगामात लुइझियाना स्टेटने अशाच पसरलेल्या आक्रमणावर पंधराही सामने जिंकले.

उरतो एक गैरसमज, तो आमच्यासारख्या फटकेबाजीच्या भक्तांचा: नुसतं मारत सुटलं की चषक येतो. 2025 मध्ये हेझलवूडने 12 सामन्यांत 22 बळी घेतले नसते तर बंगळूर अहमदाबादेत पोचलं असतं का, शंकाच आहे. आणि त्या रात्री 190 धावा राखल्या कृणाल पंड्याने: 4 षटकं, 17 धावा, 2 बळी. सामनावीरही तोच ठरला.