ई-बुक रीडर घेताय? आधी पुस्तकांची यादी काढा

आजचा विषय मला गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणांनी फोनवर विचारला आहे. "सर, ई-बुक रीडर घ्यायचाय. कोणता घेऊ?" मलाही पूर्वी वाटायचं की याचं उत्तर एका वाक्यात देता येतं. तसं मी एकदा दिलंही, आणि सपशेल चुकलो. म्हणून आधी चूक सांगतो.

फौजेत दर दोन-तीन वर्षांनी बदली. काळी लोखंडी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. त्यातली एक ट्रंक फक्त मराठी पुस्तकांची असायची. ती उचलताना जवान हसायचे, "साहब, इसमें ईंटें हैं क्या?" ईशान्येतल्या एका पावसाळ्यात अर्धी ट्रंक बुरशीने गेली. त्यामुळे निवृत्त झाल्यावर सहा इंची रीडर हातात आला तेव्हा मी खूष झालो. दीडशे-दोनशे ग्रॅमच्या पाटीत माझी सगळी ट्रंक!

बडोद्याला माझी थोरली बहीण असते. सयाजीराव महाराजांनी १९१० साली सुरू केलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयात तिची अनेक वर्षं ये-जा होती. गुडघे गेले आणि ते थांबलं. दिवाळीत मी तिला माझ्यासारखाच रीडर नेऊन दिला. इंटरनेटवरून चाळीसेक जुनी मराठी पुस्तकं त्यात भरली आणि मोहीम फत्ते झाली असं समजून परत आलो. तीन महिन्यांनी गेलो तर रीडर शोकेसमध्ये, क्रोशाच्या रुमालाखाली, गणपतीच्या शेजारी. "छान आहे रे," ताई म्हणाली, "पण आत मुंग्या दिसतात."

त्या मुंग्यांचं कारण समजून घ्या, म्हणजे निम्मा विषय समजला.

ई-पुस्तकं ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. एका प्रकारात मजकूर पाण्यासारखा असतो. अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने जुळतात आणि पानं वाढतात. ईपब हा त्यातला सर्वांत प्रचलित साचा. किंडलच्या दुकानात मिळणारी मराठी पुस्तकंही बहुतेक अशीच असतात. दुसरा प्रकार पीडीएफ. त्यात पान म्हणजे फोटो काढून चौकटीत बसवल्यासारखं. जुनी पुस्तकं स्कॅन केलेली असतात, तिथे तर तो खरोखरच फोटो असतो. अक्षर तेवढं मोठं करता येत नाही, सगळं पानच मोठं करावं लागतं. मग ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं.

आता हिशेब करा. आपल्या नेहमीच्या मराठी कादंबरीचं पान साधारण साडेपाच इंच रुंद, साडेआठ इंच उंच. सहा इंची रीडर म्हणतात तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सहा इंच. पडद्याची उंची भरते पावणेपाच इंचांच्या आसपास. साडेआठचं पान तेवढ्यात बसवायचं म्हटलं की चौदा पॉइंटचं अक्षर आठ पॉइंटचं होतं. समास कापून थोडं वाढवता येतं, पण मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला ते पुरत नाही. सात इंचाने फरक पडतो, पण प्रश्न सुटत नाही. सव्वादहा इंचाच्या पडद्यावर मात्र तेच पान जवळजवळ मूळ आकारात दिसतं.

फौजेत तोफ निवडण्याआधी दारूगोळा कुठला मिळणार आहे ते बघतात. इथेही तेच. कोणता रीडर, हे दुकानात ठरवू नका. घरी कागद घ्या आणि पुढच्या वर्षात वाचायची वीस पुस्तकं लिहा. मग प्रत्येकासमोर ते कुठे मिळतं ते लिहा. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला हे काम जास्त गरजेचं, कारण आपल्याला कोपऱ्यावरच्या दुकानाचा पर्याय नसतो.

यादीत अलीकडच्या कादंबऱ्या, चरित्रं आणि सोबत इंग्रजी-हिंदी वाचन असेल तर किंडल सोयीचं. अमेझॉनने भारतात मराठी ई-पुस्तकं डिसेंबर २०१६ मध्ये सुरू केली. आता तिथे बरंच काही मिळतं. साधं किंडल सहा इंची आहे. पेपरव्हाइटचा पडदा २०२४ च्या आवृत्तीपासून सात इंची झाला, शिवाय त्याचा प्रकाश पिवळसर करता येतो आणि पाण्याचं त्याला भय नाही. साठीच्या पुढच्यांनी मधला एक इंच कंजुषी करून वाचवू नये, एवढंच माझं मत.

यादीतली पुस्तकं बुकगंगासारख्या दुकानातून घेणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथलं ई-पुस्तक त्यांच्या ॲपमध्ये उघडतं आणि ते ॲप किंडलवर चालत नाही. फोन, टॅब्लेट, नाहीतर अँड्रॉइडवर चालणारा ई-इंक रीडर लागतो. बूक्स या चिनी कंपनीचे असे रीडर आहेत, मोठ्या पडद्याचेसुद्धा. ते महाग असतात आणि त्यांची बॅटरी किंडलइतकी टिकत नाही. बिघडला तर दुरुस्ती कुठे होणार, हे आधी विचारा. परदेशातून मागवलेली वस्तू आणि नादुरुस्त जीप, दोन्ही अंगणात शोभेला उभ्या राहतात.

आणि यादी मुख्यतः जुन्या, स्कॅन केलेल्या पुस्तकांची असेल, म्हणजे साहित्य संस्कृती मंडळाच्या मोफत पीडीएफ किंवा इंटरनेट आर्काइव्हवरचे ग्रंथ, तर स्पष्ट सांगतो, सहा-सात इंची रीडर घेऊच नका. घरात दहा इंची टॅब्लेट असेल तर तो झाडूनपुसून काढा.

"पण टॅब्लेटने डोळे जातात ना?" डोळे जात नाहीत, थकतात. ई-इंकच्या पडद्यात काळे-पांढरे बारीक कण असतात, ते विजेच्या भाराने वर-खाली होतात. पान उलटतानाच वीज लागते, म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. कागदासारखाच हा पडदाही बाहेरच्या उजेडात दिसतो, उन्हात तर उत्तम. पण त्याची पार्श्वभूमी कागदाइतकी पांढरी नसते, किंचित राखाडी असते. ज्यांना फिकट अक्षर दिसत नाही अशा काही जणांना टॅब्लेटचा ठळक काळा-पांढरा पडदाच बरा वाटतो. त्यामुळे ज्याच्यासाठी घ्यायचा त्याच्या हातात कुणाचा तरी रीडर दहा मिनिटं देऊन बघा. मी हे केलं नव्हतं.

त्या दहा मिनिटांत आपली एक मराठी फाइल उघडा आणि "दुसऱ्या", "वऱ्हाड", "कोऱ्या" असे शब्द शोधा. हा अर्धा र हिंदीत नसतो, त्यामुळे कच्च्या फॉन्टची लबाडी तिथेच उघडी पडते. एका जुन्या रीडरवर मी ऱ्हस्व इकार अक्षराच्या पुढे पडलेला पाहिलाय. शिवाय जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पीडीएफ ईपबमध्ये बदलायला जाल तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा हाती येतो. दोष रीडरचा नसतो, फाइलचा असतो.

ताईने मात्र एक वेगळाच प्रश्न विचारला. "माझ्यानंतर ही पुस्तकं मंजूला मिळतील का?" मंजू तिची मुलगी. मी गप्प झालो. कागदाची पुस्तकं मिळतील. किंडलवर विकत घेतलेली कायद्याने मिळत नाहीत, कारण आपण पुस्तक विकत घेत नाही, वाचायचा परवाना घेतो आणि तो दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. २००९ मध्ये अमेझॉनने हक्कांच्या वादातून ऑर्वेलच्या पुस्तकांच्या काही प्रती लोकांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या होत्या, पैसे परत केले, पण पुस्तक गेलंच. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हाही तेच झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडलची पुस्तकं संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून घ्यायची सोयही बंद झाली. तुमच्याकडची मोकळी ईपब फाइल मात्र तुमचीच. २०२२ पासून ती किंडलवरही पाठवता येते.

म्हणून आमच्या घरी आता असं ठरलं आहे. एकदा वाचून सोडायचं ते ई-पुस्तक. मंजूसाठी ठेवायचं ते कागदावर, डाकेने मागवून.

शोकेसमधला सहा इंची रीडर मी परत आणला. प्रवासात तो माझ्यापाशी असतो. ताईकडे सात इंची आहे, अक्षर सर्वांत मोठ्याच्या एक पायरी खाली आणि ठळक करून. स्कॅन केलेल्या पुस्तकांसाठी नातवाचा जुना टॅब्लेट आडव्या स्टँडवर ठेवला आहे, म्हणजे हात दुखत नाहीत. परवा रात्री साडेदहाला फोन केला तर म्हणाली, "उद्या कर. प्रकरण संपायला चार पानं राहिलीत."