प्रायश्चित्तकाळातील गोधडी

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, कॅथलिक देवालयांत जे पहिले वाचन होते ते योएल संदेष्ट्याच्या ग्रंथातील असते. आणि त्याचे तात्पर्य असे की, शोकाची खूण म्हणून अंगावरची वस्त्रे फाडण्याचा जो शिरस्ता त्या काळी लोकांत रूढ होता, त्याने परमेश्वराचे समाधान होत नाही, कारण त्याला फाटलेले हवे असते ते अंतःकरण. हे वाचन झाले की गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या आणि वर्षभर वाळत राहिलेल्या झावळ्यांची राख भाविकांच्या कपाळी लावली जाते. जे एकदा उत्सवात मिरवले, तेच जीर्ण होऊन पश्चात्तापाच्या कामी येते. ज्या पर्वाचा आरंभ वस्त्राच्या आणि झिजलेल्या वस्तूच्या अशा स्मरणाने होतो, त्या पर्वात अमेरिकेतील काही ख्रिस्ती स्त्रिया, आणि क्वचित पुरुषही, जुन्या कापडाचे तुकडे जोडून गोधडी शिवावयास बसतात व त्या शिवणालाच प्रार्थना मानतात, यात मला तरी एक खोल औचित्य दिसते. ते औचित्य उलगडून दाखवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम काळाचा हिशेब. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर दिवस ४६ भरतात. त्यांतले सहा रविवार, ते पुनरुत्थानाचे स्मरणदिन असल्यामुळे, उपवासातून वगळले की उरतात ते ४०. इ. स. ३२५ मध्ये निकिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेच्या नियमांत या चाळिसाचा उल्लेख सापडतो. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपोषण केले, मोशे सिनाय पर्वतावर तितकेच दिवस राहिला, एलिया होरेब पर्वताकडे तितकेच दिवस चालत गेला, अशी या आकड्यामागची परंपरा. वसईच्या ख्रिस्ती घरांतून ज्याला प्रायश्चित्तकाळ म्हणतात आणि गोव्यात पोर्तुगीज शब्दावरून आलेल्या नावाने ज्याला कोरेझ्म म्हणतात, त्या या काळात तीन कर्तव्ये सांगितलेली आहेत: प्रार्थना, उपवास आणि दानधर्म. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात ही तिन्ही एकत्र येतात आणि तोच अध्याय राखेच्या बुधवारी वाचला जातो. ही तीन कर्तव्ये एकाच वस्तूत येऊन मिळावीत असे जर कोणाला वाटले, तर गोधडीइतकी सोयीची वस्तू शोधून सापडणार नाही.

गोधडीची रचना मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. वरचा तुकड्यांचा पदर, मधला उबेचा थर आणि खालचे अस्तर, हे तिन्ही एकमेकांशी बांधून ठेवणारा धावदोरा, आणि शेवटी कडेने फिरवलेला गोट. अमेरिकेत ज्याला क्विल्ट म्हणतात त्याचा सांगाडाही हाच. फरक आहे तो तुकड्यांच्या भूमितीत आणि त्या भूमितीला दिलेल्या नावांत. तेथे पिढ्यान्‌पिढ्या शिवल्या गेलेल्या नमुन्यांपैकी एकाचे नाव याकोबाची शिडी, दुसऱ्याचे काट्यांचा मुकुट. म्हणजे बायबलाचे वाचन आणि शिवणाची टोपली ज्या घरांत एकाच मेजावर असत, त्या घरांनी या कलेला आपली भाषा दिलेली आहे.

प्रायश्चित्तकाळात हे काम व्रतासारखे करायचे तर त्याची सरळ तजवीज अशी करता येते. दररोज एक चौकोन शिवावा. रविवारी सुई ठेवून द्यावी. ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत चाळीस चौकोन हाती येतात. चौकोन सहा इंचांचा धरला आणि पाच उभ्या, आठ आडव्या ओळींत मांडला, तर ३० इंच रुंद आणि ४८ इंच लांब अशी एका तान्ह्या मुलाला पुरेल एवढी गोधडी तयार होते. रंगांचा दाखला देवालयातच आहे: या काळात धर्मगुरूंचा पोशाख जांभळा असतो, चौथ्या रविवारी गुलाबी चालतो, आणि ईस्टरला शुभ्र. कोणी रोजच्या वाचनातील एक शब्द मनात धरून त्या दिवसाचा तुकडा निवडतात. कोणी क्रूसाच्या वाटेवरील चौदा स्थानांचे चौदा तुकडे करतात. कोणी प्रत्येक चौकोन एका माणसाच्या नावाने शिवतात आणि त्यात ज्याच्याशी बोलणे तुटले आहे अशा माणसाचेही नाव घेतात. हा शेवटचा प्रकार मला सर्वांत कठीण आणि म्हणूनच सर्वांत खरा वाटतो. कारण त्या चौकोनाची कड शेजारच्या चौकोनाशी जुळवताना हाताला जे करावे लागते, ते मनाला अजून साधलेले नसते.

यात उपवास कोठे आला, असे कोणी विचारील. तो कापड विकत न घेण्यात आला. घरात जे आहे, जे उसवले, विटले, तोकडे झाले, त्यातूनच शिवायचे असा निर्बंध घातला की हव्यासाला लगाम बसतो. शिवाय उपवासाचा आणि ठिगळाचा संबंध खुद्द शुभवर्तमानातलाच आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या शिष्यांनी येशूला, तुझे शिष्य उपवास का करीत नाहीत, असे विचारले, तेव्हा वराचा दृष्टांत सांगून झाल्यावर त्याने जो दुसरा दृष्टांत दिला तो शिवणकामाचा होता: कोऱ्या कापडाचे ठिगळ जुन्या वस्त्राला कोणी लावीत नाही, कारण ते ठिगळ वस्त्राला ओढते आणि फाटलेले अधिकच फाटते. पंडितांनी या वचनावर पुष्कळ लिहिले आहे. पण सुई धरणाऱ्या बाईला त्याचा अर्थ हातांनी कळतो. कोरे कापड आधी धुवून, आटवून घेतल्यावाचून जुन्याशी जोडू नये, हा तिच्या धंद्यातील पहिला नियम आहे. ज्याला जुळायचे आहे त्याने प्रथम पाण्यातून जावे आणि आपला ताठा सोडावा. उपवास तरी याहून निराळे काय करतो?

वस्त्र आणि हा काळ यांचा संबंध काही आजचा नव्हे. मध्ययुगात जर्मन भाषेच्या मुलखात प्रायश्चित्तकाळभर वेदीपुढे एक भव्य पडदा सोडण्याची वहिवाट होती. जिभेबरोबर डोळ्यांनीही उपवास करावा, पवित्र स्थान काही काळ दृष्टीआड राहावे, ही त्यामागची भावना. ऑस्ट्रियातील गुर्क येथे १४५८ साली रंगवलेला असा एक पडदा आहे, त्यावर ९९ चित्रे आहेत. जर्मनीतील त्सिटाउ नगरातला १४७२ चा तागाच्या कापडाचा पडदा ८.२० मीटर उंच आणि ६.८० मीटर रुंद असून त्याच्या ९० चौकटींत निम्मा जुना करार व निम्मा नवा करार चितारलेला आहे. या दुसऱ्या पडद्याची कथा ऐकून माझे मन भरून आले. १९४५ साली, युद्ध संपता संपता, सोव्हिएत सैनिकांनी त्याचे तुकडे करून ते वाफेच्या स्नानासाठी उभारलेल्या आडोशाला लावले. वाफेने रंग उडाले, काही भाग पार पुसला गेला. पुढे ते तुकडे हाती लागले, स्वित्झर्लंडमधील आबेग प्रतिष्ठानाच्या कारागिरांनी ते सांधले, आणि १९९९ पासून तो पडदा त्सिटाउच्या एका जुन्या देवालयात लोकांसाठी टांगलेला आहे. पुसलेल्या जागा पुसलेल्याच ठेवल्या आहेत. प्रायश्चित्ताच्या पडद्याला याहून साजेसे रूप कोणते असणार?

ही परंपरा मधल्या काळात क्षीण झाली होती. जर्मन कॅथलिकांच्या मिझेरेओर या साहाय्यसंस्थेने १९७६ साली तिचे पुनरुज्जीवन केले, आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे त्या नव्या मालिकेतील पहिला पडदा पुण्यात जन्मलेल्या ज्योती साही या भारतीय चित्रकाराचा होता. भुकेल्यांची आठवण ठेवण्यासाठी तो जर्मनीतील देवालयांतून लावला गेला. म्हणजे दृष्टीचा उपवास फिरून दानधर्माशी जोडला गेला.

दानधर्माचे हे अंग गोधडीत अगदी उघड आहे. प्रेषितांच्या कृत्यांत यापो नगरातील टबीथा नावाच्या शिष्येची कथा येते. तिलाच ग्रीक भाषेत दुर्कस म्हणत. ती मरण पावली तेव्हा येशूचा प्रेषित पेत्र याच्याभोवती जमलेल्या विधवांनी तिचे गुणवर्णन केले नाही; तिने आपल्याला शिवून दिलेले अंगरखे आणि वस्त्रे त्यांनी रडत रडत त्याला दाखवली. शिवलेले कापड ही तिची साक्ष ठरली. तोच वारसा अमेरिकेतील लुथरन आणि मेनोनाइट मंडळ्यांच्या स्त्रिया चालवीत आल्या आहेत. १९४५ साली स्थापन झालेल्या लुथरन वर्ल्ड रिलीफ या संस्थेमार्फत त्यांपैकी लुथरन स्त्रियांनी शिवलेल्या साध्या गोधड्या युद्ध, भूकंप आणि दुष्काळ यांनी उघड्यावर आणलेल्या लोकांपर्यंत देशोदेशी जातात.

याहून अंतरंगाचा प्रकार १९९२ साली कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहरी सुरू झाला. एका अत्यवस्थ बालकासाठी तेथील शिवणमंडळाने गोधडी केली, आणि त्या प्रसंगातून प्रेयर्स अँड स्क्वेअर्स नावाचा उपक्रम उभा राहिला. त्याची रीत अशी: तिन्ही थर जोडण्यासाठी धावदोरा घालीत नाहीत, ठरावीक अंतरावर जाड दोरा आरपार घेऊन त्याची दोन टोके वर मोकळी सोडतात. मग ती गोधडी उपासनेच्या वेळी देवालयात मांडली जाते, आणि येणारा प्रत्येक जण, सुई कधी हाती न धरलेला म्हातारा असो की शाळकरी मूल, आजाऱ्याचे स्मरण करून एक गाठ मारतो. ज्याच्यासाठी हे करायचे त्याची संमती आधी घेतलेली असते. शिवणारीने काम मुद्दाम अपुरे ठेवायचे आणि ते पुरे करण्याचा मान इतरांना द्यायचा, यात कारागिराच्या अहंकाराचा जो उपवास घडतो, तो मला अन्नाच्या उपवासाहून अवघड वाटतो.

आपल्या शेजारीही अशा हातांचा दाखला आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या तालुक्यांत राहणाऱ्या सिद्दी स्त्रिया, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले आणि त्यांपैकी अनेक जण गोव्यातील गुलामगिरीतून निसटून त्या रानांत शिरले, कवंदी नावाची गोधडी शिवतात. कवंदी कडेपासून सुरू होते आणि फेऱ्या घालीत मध्यापर्यंत येते. कोपऱ्यांवर घडीचे कापडी फूल लावल्यावाचून ती पूर्ण समजत नाहीत. कॅथलिक सिद्दी घरांतील कवंदीवर क्रूस दिसतो, मुसलमान सिद्दी घरांतील कवंदीवर चंद्रकोर. ती घरची गरज म्हणून शिवली जाते, व्रत म्हणून नव्हे. तरीही बाहेरून आत, कडेवरून केंद्राकडे, एकेका टाक्याने सरकत जाणे हीच मननाचीही वाट आहे, हे तिच्याकडे पाहून कळते.

हाताने काम चालू असता मन देवापाशी कसे राहील, ही शंका जुनी आहे आणि तिचे उत्तरही जुनेच आहे. इजिप्तच्या अरण्यातील तपस्वी झावळ्यांच्या पात्यांचे दोर व टोपल्या विणीत स्तोत्रे म्हणत. त्यांच्यातील थोर अंतोनी एकदा मनाच्या मरगळीने त्रस्त झाला असता त्याला आपल्यासारखाच एक मनुष्य दिसला. तो बसून दोर वळीत होता, मग उठून प्रार्थना करीत होता, आणि पुन्हा बसून दोर वळीत होता. तो देवदूत होता आणि असेच कर म्हणजे तरशील असे त्याने सांगितले, अशी कथा आहे. मोकळे मन भटकते. हाताला ठेका मिळाला की त्याला खुंटी मिळते.

गोधडी चौकटीवर ताणून हाताने शिवताना एक हात वर असतो आणि दुसरा कापडाखाली. खालच्या हाताला वरच्याचे काम दिसत नाही. त्याला कळते ते फक्त सुईचे टोक, आणि ते बोटाला किंचित बोचले की तो सुई परत वर पाठवतो. राखेच्या बुधवारी वाचल्या जाणाऱ्या त्याच अध्यायात, दान करताना उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, असा उपदेश आहे. चाळीस दिवस जिने असे दोन हातांनी शिवले, तिला त्या उपदेशाचे विवेचन करून सांगावे लागत नाही. ईस्टरच्या सकाळी ती गोट पुरा करते, दोरा दाताने तोडते, घडी घालते, आणि जिच्या मुलाला ती ऊब मिळणार त्या आईचे नाव न विचारता गोधडी देऊन टाकते.