ठेका कोणाचा?

तुळजापूरला जाऊन आलेल्या वाचकांच्या कानांत संबळ घुमत राहिला असेलच. एकत्र बांधलेली दोन चर्मवाद्ये, एकाचा आवाज खर्जातला, दुसऱ्याचा टिपेचा. जोडीला तुणतुणे आणि झांज. त्यावर गोंधळ्यांचा नायक आख्यान लावतो, निम्मे गातो, निम्मे भरभर बोलत सुटतो. ज्यांच्या घरी लग्नानंतर गोंधळ घालतात, त्यांना हे सांगायला नकोच.

आता त्याच घरातल्या चिरंजीवांकडे वळू. कानांत बोंडे खुपसून ते जे ऐकतात तेही ठेक्यावरचे यमकबद्ध बोलणेच! त्याला म्हणायचे हिपहॉप. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात कूल हर्क नावाच्या तरुणाने बहिणीच्या मेजवानीत गाण्यांतले नुसत्या ठेक्याचे तुकडे लांबवत नेले, तेव्हापासून त्याचे वय मोजतात.

या मंडळींचे वाद मात्र ऐकण्यासारखे असतात. मुंबईच्या डिव्हाइन आणि नेझी यांचे ‘मेरे गली में’ (२०१५) थोर, की पुण्याच्या एमसी स्टॅनचा ‘इन्सान’ (२०२२)? यंत्रातून काढलेल्या गळ्याला गळा म्हणावे काय? शब्दच कळले नाहीत तर ते रॅप कसले, असे एक पक्ष विचारतो. काळाबरोबर नाद बदलायचाच, असे दुसरा बजावतो. बालगंधर्व की केशवराव भोसले यावरून आपल्या पणजोबांनी घसे बसवून घेतले, तीच ही जात.

पण गाणाऱ्यावरून एवढे रण माजते, तेव्हा ठेका धरणाऱ्याची आठवण कोणाला होते? क्लाइड स्टबलफील्ड यांचेच पाहा. जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’ (१९७०) या गाण्यात त्यांनी ड्रमवर एक तुकडा वाजवला. पुढे शेकडो हिपहॉप गाण्यांनी तो जसाच्या तसा उचलला. १९९१ साली अमेरिकन न्यायालयाने परवानगीवाचून असे तुकडे घेण्यास चाप लावला खरा. पण परवानगी मागायची ती गाण्याच्या मालकाची. स्टबलफील्ड यांचे नाव गीतकारांत नव्हते. २०१७ साली ते वारले; त्या तुकड्याच्या मानधनाचा हिस्सा त्यांच्या वाट्याला जवळजवळ आलाच नाही.

संबळाचे बोलही आता संगणकात तयार मिळतात. वरातीच्या भिंतीएवढ्या कर्ण्यांतून तेच दणाणतात. आपल्या कायद्याने १९९४ साली वादकालाही कलावंत म्हणून हक्क दिला. परंतु वाजवणाऱ्याचे नावच कोठे टिपून ठेवले नसेल, तर तो हक्क सांगायचा कोणी आणि कोणापाशी?

घरच्या गोंधळात ही पंचाईत नाही. संबळवाला रात्रभर समोर उभा असतो. कोणी दाद दिली तर ती त्याला ऐकू येते, आणि निघताना यजमान दक्षिणा त्याच्या हातावर ठेवतो.