निजामाचं विमान, एफ 1010

पहिल्या महायुद्धात निजाम मीर उस्मान अली खान यांनी दिलेल्या पैशातून ब्रिटिशांच्या 110व्या स्क्वाड्रनला डीएच 9ए विमानं मिळाली. स्क्वाड्रनच्या नावाला ‘हैदराबाद’ जोडलं गेलं. त्यातलं ‘एफ 1010’ लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात आजही आहे. ऑक्टोबर 1918मध्ये ते जर्मनांच्या हाती पडलं, पुढे पोलंडला पोचलं. इतक्या भटकंतीनंतरही त्याची ओळख पटते ती या क्रमांकामुळे, हे मला फार मोलाचं वाटतं.

ब्रिटिश लष्करी विमानांच्या अशा क्रमांकांत 1912मध्ये नुसते आकडे होते. दहा हजार संपल्यावर 1916मध्ये ‘ए 1’पासून अक्षरं आली. ‘झेड’ संपल्यावर ‘एए 100’: दोन अक्षरं, तीन आकडे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर मधले काही क्रमांक मुद्दाम गाळू लागले, म्हणजे विमानांची खरी संख्या शत्रूला मोजता येऊ नये.