जेस्कॉम: सरकारी कंपनी, घरगुती बिल

२०२३च्या जूनमध्ये कोप्पळच्या भाग्यनगरात राहणाऱ्या, नव्वदीला आलेल्या एका आजींच्या हाती लाइटचं बिल पडलं. आकडा होता १,०३,३१५ रुपये. पत्र्याची खोली, दोन बल्ब, भाग्यज्योती योजनेतलं कनेक्शन. एरवी महिन्याला सत्तर-ऐंशी रुपये भरायची सवय. टीव्हीवर बातमी झळकली तेव्हा अधिकारी धावत आले, मीटर तपासला, मीटरचा बिघाड आणि बिल करणाऱ्यांची चूक कबूल केली आणि पैसे भरू नका म्हणून सांगून गेले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, ५ ऑगस्टला, मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी कलबुर्गीत ‘गृहज्योती’ योजनेचं उद्घाटन केलं आणि घरोघरी शून्य रुपयांची बिलं येऊ लागली. लाखाचं बिल आणि शून्याचं बिल, दोन्ही देणारी कंपनी एकच: जेस्कॉम.

गुलबर्गा इलेक्ट्रिसिटी सप्लाय कंपनी हे तिचं पूर्ण नाव. शहर २०१४ साली कलबुर्गी झालं, कंपनीच्या नावात गुलबर्गा तसंच राहिलं. बीदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ, बळ्ळारी आणि अलीकडे वेगळा झालेला विजयनगर, एवढा मुलूख तिच्याकडे. मालकी पूर्णपणे कर्नाटक सरकारची. या मुलखाच्या उत्तर टोकाला औराद, कमलनगर, भालकी, बसवकल्याण हा मराठी बोलणारा पट्टा आहे. तिथली जुनी माणसं अजूनही ‘केईबीच्या ऑफिसात जाऊन येतो’ असंच म्हणतात.

केईबी म्हणजे कर्नाटक विद्युत मंडळ. बीदर-गुलबर्गा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि मग हैदराबाद राज्यात होते. राज्यपुनर्रचनेत हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि १९५७ साली स्थापन झालेल्या मंडळाच्या ताब्यात इथली वीज आली. चाळीस-बेचाळीस वर्षं मंडळानंच खांब रोवले, तारा ओढल्या, बिलं वाटली. १९९९ साली वीज सुधारणा कायदा आला, मंडळाची केपीटीसीएल ही कंपनी झाली आणि दर ठरवण्याचं काम सरकारकडून काढून वीज नियामक आयोगाकडे, म्हणजे केईआरसीकडे, गेलं. १ जून २००२ला वितरणाचं काम चार कंपन्यांत वाटलं गेलं. त्यातली एक जेस्कॉम. जागतिक बँकेच्या सल्ल्याचा तो काळ होता. या कंपन्या पुढे खासगी हातात द्यायच्या असाच बेत होता. तो तडीस गेला नाही, आणि औरादसारख्या तालुक्याच्या दृष्टीनं ते फार बरं झालं.

का, ते समजण्यासाठी आधी एक बिल नीट पाहावं लागेल.

मीटर रीडर येतो, मीटर बघून हातातल्या यंत्रात आकडा टाकतो आणि कागदाची लांब पट्टी फाडून देतो. सगळ्यात वर आरआर नंबर. कनेक्शनची ओळख ती हीच. तक्रार करायला गेलं की पहिल्यांदा तोच विचारतात. खाली मंजूर भार, मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, युनिट. मग पैशांच्या ओळी. समजा भालकीतल्या एका घराचा मंजूर भार २ किलोवॅट आणि महिन्याचा वापर १५० युनिट आहे. २०२५-२६च्या दरानं स्थिर आकार किलोवॅटमागे १४५ रुपये, म्हणजे २९०. विजेचे युनिटला ५ रुपये ८० पैसे, म्हणजे ८७०. पेन्शन-ग्रॅच्युइटीचा अधिभार युनिटला ३६ पैसे, म्हणजे ५४. त्यावर ९ टक्के वीज कर. इंधन आणि वीजखरेदीचं समायोजन महिन्यागणिक खालीवर होतं, ते सोडलं तरी हा आकडा तेराशेच्या आसपास जातो. गृहज्योतीत नाव असेल आणि ठरवून दिलेल्या युनिटांत वापर राहिला तर हेच बिल शून्य.

दरही स्थिर राहिलेला नाही. २०२३च्या मे महिन्यात आयोगानं १०० युनिटांच्या पुढे गेलेल्या घराला सगळ्याच युनिटांसाठी ७ रुपये लावले होते. पहिल्या शंभराला स्वस्त दराचा आधार उरला नव्हता. पुढच्या वर्षी एप्रिलपासून सर्वांना सरसकट ५ रुपये ९० पैसे झाले आणि मग ५.८०. युनिटचा दर उतरला, पण स्थिर आकार किलोवॅटमागे ११० वरून १२० आणि १२० वरून १४५ वर गेला. म्हणजे काटकसर करून वाचवता येईल असा भाग घटला आणि वीज वापरा न वापरा, भरावाच लागणारा भाग वाढला. योजनेत नाव नसलेल्या, कुलूप लावून हैदराबादला किंवा पुण्याला कामावर गेलेल्या घरालाही तो चुकत नाही.

गृहज्योतीची रचनाही तपासून बघायला हवी. २०० युनिट मोफत असं सगळीकडे म्हटलं जातं, पण प्रत्येक घराची मर्यादा वेगळी आहे: २०२२-२३ मधला महिन्याचा सरासरी वापर अधिक दहा टक्के. ज्या घरात फ्रिज, टीव्ही, पाण्याची मोटर होती आणि सरासरी १७० युनिट होती, त्याला १८७ युनिट फुकट. तांड्यावरच्या ज्या घरात एक पंखा आणि दोन दिवे होते, सरासरी ४०, त्याला ४४. जो आधीपासून जास्त वापरत होता, त्यालाच सवलत जास्त. तांड्यावरच्या घरानं आज फ्रिज आणला तर त्याचे युनिट मर्यादेबाहेर पडून पैशांत मोजले जाणार. सरकारला हे उमगलं असावं, कारण २०२४च्या जानेवारीत अगदी कमी वापराच्या घरांना दहा टक्क्यांऐवजी सरळ दहा युनिट वाढवून देण्याचा निर्णय झाला. तरीही दरी मोठीच राहिली. आणि २०० ओलांडलं की सवलत पूर्ण जाते. २०१ युनिटांच्या घराला पहिल्या युनिटापासून सगळं बिल.

सीमेपलीकडे उदगीर, देगलूर, निलंगा, उमरगा. रोटी-बेटीचा व्यवहार जुना, त्यामुळे लग्नकार्यात दोन्हीकडच्या बिलांची तुलना होतेच. तिकडे महावितरण. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र वीज मंडळाचे २००५ साली तुकडे झाले, त्यातली ही कंपनी, तीही सरकारीच. पण तिच्या बिलात युनिटांचे टप्पे आहेत, वहन आकाराची वेगळी ओळ आहे आणि वीज शुल्क १६ टक्के. मालक दोन्हीकडे सरकार. तरी एकाच घराण्यातल्या दोन भावांची बिलं एकमेकांशी जुळत नाहीत. सरकारी म्हणजे आपोआप न्याय्य, असं म्हणणाऱ्यांनी या सीमेवर येऊन दोन्ही बिलं शेजारी ठेवून पाहावीत.

खासगीचा अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी बराच आहे. भिवंडीत २००७च्या जानेवारीपासून टोरेंट ही फ्रँचायझी कंपनी काम करते आणि गळती तिनं खरोखर खाली आणली. औरंगाबादला २०११ साली जीटीएल आली, २०१४ साली गेली, आणि काम पुन्हा महावितरणकडे. नागपुरातला प्रयोगही २०१९ साली संपला. ओडिशानं तर १९९९ सालीच सगळं वितरण खासगी केलं. तिथं त्याच वर्षी महाचक्रीवादळ आलं, दोन वर्षांत अमेरिकी एईएस कंपनी निघून गेली आणि उरलेले परवाने आयोगानं २०१५ साली रद्द केले. आता तिथं टाटा पॉवर आहे. २०२३च्या ४ जानेवारीला महाराष्ट्रातले वीज कर्मचारी संपावर गेले, ते खासगी कंपनीला समांतर परवाना मिळू नये म्हणून.

कलबुर्गीनं खासगीची चव विजेत घेतली नाही, पाण्यात घेतली. जागतिक बँकेच्या कर्जातून हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा या शहरांच्या निवडक भागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला. फ्रान्सच्या व्हिओलिया कंपनीनं नळजोड बदलले, मीटर बसवले, २००८च्या सुमारास नळ अखंड वाहू लागले. इथं एक बारकावा महत्त्वाचा आहे: नळाचं जाळं सार्वजनिक मालकीचंच राहिलं आणि कंपनीला ग्राहकांच्या बिलातून नव्हे तर करारातल्या ठरलेल्या रकमेतून पैसे मिळाले. बिल वाढवण्यात तिचा स्वार्थ नव्हता. पुढं हे काम तिन्ही शहरांत सर्वदूर नेण्याचं कंत्राट एल अँड टीला मिळालं.

विजेतही असे मधले मार्ग निघाले. जेस्कॉमच्या खेड्यांत ‘ग्राम विद्युत प्रतिनिधी’ नेमले गेले. गावातलाच तरुण, कमिशनवर मीटर वाचणारा, बिल वाटणारा, वसुली करणारा. बेळगाव जिल्ह्यात हुक्केरीची ग्रामीण वीज सहकारी संस्था १९६९ पासून आहे. तिथं ग्राहकच सभासद.

आता औरादच्या बऱ्यावाइटाकडे. कर्नाटकात घरगुती दर राज्यभर एकच आहे. बेंगळुरूच्या उंच इमारतीला जो, तोच कमलनगरच्या घराला. वास्तविक जेस्कॉमला एकेक ग्राहक महाग पडतो: लांबच लांब लाइन, विरळ वस्ती, उद्योग थोडे, शेतीपंप भरपूर. दहा अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत, त्याचे पैसे सरकारनं कंपनीला द्यायचे. बेंगळुरूच्या श्रीमंत ग्राहकांच्या जोरावर आणि स्वस्त विजेचा अधिक वाटा इकडच्या कंपन्यांना देऊन हा एकसमान दर टिकवला जातो. नफ्यासाठी आलेला व्यापारी आधी बेंगळुरू मागेल, बीदर नाही. चांगले ग्राहक एकदा बाहेर पडले की बीदरचा दर कोण सांभाळणार? या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर खासगीकरणाच्या समर्थकांकडून अजून आलेलं नाही.

पण सरकार मालक आहे म्हणून त्याला मोकळं सोडता येत नाही. तो ३६ पैशांचा अधिभार त्याचंच उदाहरण. मंडळाची कंपनी होताना जुन्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शन-ग्रॅच्युइटीतला जो हिस्सा सरकारनं उचलायचा होता, तो आता घरगुती बिलातून वसूल होतो आहे. पंपांचे पैसे उशिरा आले की कंपनी कर्ज काढते आणि व्याज पुन्हा दराच्या हिशेबात येतं. एका हातानं शून्य बिल द्यायचं आणि दुसऱ्या हातानं आपली देणी योजनेबाहेरच्या ग्राहकांवर टाकायची, हा न्याय नाही. जेस्कॉम सरकारी राहिलीच पाहिजे. सरकारनं तिचे पैसे वेळेवर दिलेच पाहिजेत.

दर ठरण्याआधी आयोग जाहीर सुनावणी घेतो, जेस्कॉमची कलबुर्गीत होते. कुठलाही ग्राहक तिथं लेखी हरकत देऊ शकतो, उभा राहून बोलू शकतो. बिल चुकलं तर १९१२वर तक्रार नोंदवता येते, दाद नाही मिळाली तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल. कोप्पळच्या आजींना टीव्हीवर यावं लागलं. भालकी-औरादच्या लोकांनी त्याआधीच, पुढच्या सुनावणीला, आपापली बिलं हातात घेऊन कलबुर्गी गाठावी.